बेटाच्या अटी

सुपीरियर सरोवराच्या वायव्य भागात आइल रॉयल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे 72 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 14. भोवती साडेचारशेहून अधिक लहान बेटे विखुरलेली आहेत. ही बेटे आणि त्यांच्याभोवतीचे पाणी मिळून अमेरिकेचे एक राष्ट्रीय उद्यान झाले आहे. नकाशावर ते मिशिगन राज्यात मोडते. प्रत्यक्षात मिनेसोटाचा आणि कॅनडाचा किनारा त्याला कितीतरी जवळ आहे. 1783 च्या पॅरिस तहात सीमारेषा या बेटाच्या उत्तरेकडून नेली गेली, म्हणून ते अमेरिकेकडे आले. 1931 मध्ये अमेरिकी काँग्रेसने उद्यानाला मंजुरी दिली, 1940 मध्ये ते अस्तित्वात आले आणि 1976 मध्ये त्यातली सुमारे 99 टक्के जमीन कायद्याने 'वाइल्डरनेस' ठरली. त्या जमिनीवर रस्ता होत नाही, मोटार येत नाही, सायकलही चालत नाही. माणसाने पाहुणा म्हणून यावे, काही दिवस राहावे आणि निघून जावे, एवढीच मुभा आहे.

अलीकडच्या वर्षांत तेथे वर्षाकाठी साधारण पंचवीस ते तीस हजार माणसे येतात. अमेरिकेतल्या गाजलेल्या उद्यानांत सुटीच्या एका दिवसात एवढी गर्दी होऊन जाते. मात्र त्या उद्यानांत बहुतेक जण काही तास थांबतात. आइल रॉयलला गेलेला माणूस सहसा तीन-चार दिवस राहतो, आणि एकदा गेलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा जातात. या ओढीचे एक कारण सृष्टीत आहे, दुसरे तयारीत. येथे ऐनवेळी ठरवून जाता येत नाही. महिना, बोट, वाट, ओझे, पाणी या प्रत्येक गोष्टीचा आधी विचार करावा लागतो, आणि असा विचार करता करता बेटाची ओळख होत जाते. एकेका नियमामागे खडकाची, पाण्याची किंवा प्राण्यांची एकेक हकिगत आहे. ती समजून घेतली की नियम जाचक वाटत नाही.

सुरुवात महिन्यापासून करावी लागते. उद्यान 16 एप्रिलला उघडते आणि 31 ऑक्टोबरला बंद होते. हिवाळ्यात संपूर्ण बंद राहणारे हे अमेरिकेतले एकमेव राष्ट्रीय उद्यान. कारण सरोवरात आहे. सुपीरियरचा विस्तार सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या बावीसपट. खोली काही ठिकाणी 400 मीटरहून अधिक. पृष्ठभागाच्या हिशेबाने जगात याहून मोठे गोड्या पाण्याचे सरोवर नाही. शरद ऋतू सरत आला की तेथे समुद्रासारखी वादळे उठतात. डिसेंबर 1927 मध्ये 'कॅमलूप्स' हे मालवाहू जहाज बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ बुडाले. त्यातले काही खलाशी किनाऱ्याला लागले, पण निर्मनुष्य बेटावर थंडीने गारठून मेले. जहाजाचा सांगाडा पन्नास वर्षांनी, 1977 मध्ये सापडला. वर्षाचे साडेपाच महिने दार लावून घेणाऱ्या नियमामागे अशा पाण्याचा अनुभव आहे.

उघड्या हंगामातही प्रत्येक महिन्याचा स्वभाव वेगळा. मे महिन्यात वाटा ओल्या आणि बोटी मोजक्या असतात, रात्री गोठवणाऱ्या असतात. जूनमध्ये रानफुले येतात आणि त्यांच्याबरोबर डास व चावऱ्या काळ्या माश्याही. जुलैच्या मध्यापर्यंत डोक्यावरून घ्यायची जाळी आणि लांब बाह्यांचे कपडे यांच्यावाचून चालत नाही. ऑगस्टमध्ये कीटक कमी होतात आणि वाटेच्या कडेला थिंबलबेरीची लाल, आंबटगोड फळे पिकतात. हवा सर्वांत सुखाची, म्हणून गर्दीही सर्वांत जास्त. सप्टेंबरमध्ये बर्च आणि अ‍ॅस्पेन पिवळे पडतात आणि मूस या मोठ्या हरणांच्या नरांचा माजाचा काळ सुरू होतो, पण सरोवर खवळू लागते. ज्याला शांतता हवी त्याने सप्टेंबर निवडावा, आणि परतीच्या बोटीला उशीर होणार हे धरूनच निघावे.

महिना ठरला की बोट. होटन या गावाहून उद्यानाची स्वतःची 'रेंजर थ्री' ही बोट सुटते आणि सुमारे सहा तासांनी बेटाच्या पूर्व टोकाला, रॉक हार्बरला पोचते. मिशिगनच्याच कॉपर हार्बरहून निघणारी खासगी बोट हे अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापते. मिनेसोटातील ग्रँड पोर्टेजहून बेटाचे पश्चिम टोक, विंडिगो, दोनेक तासांवर आहे. लहान समुद्री विमानेही येतात, पण धुके उतरले की ती जमिनीवरच राहतात, आणि थंड पाण्यावर ऊबदार हवा आली की धुके हमखास उतरते. बोटींच्या जागा काही महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. घड्याळाचाही एक बारकावा आहे. ग्रँड पोर्टेज अमेरिकेच्या मध्य विभागाच्या वेळेवर चालते, बेट पूर्वेकडच्या वेळेवर, एक तास पुढे. परतीची बोट कोणत्या वेळेनुसार सुटणार हे तिकीट काढतानाच विचारून ठेवावे.

ग्रँड पोर्टेजहून येणाऱ्या 'व्हॉयेजर टू' या बोटीचा विशेष उपयोग आहे. ती बेटाला वळसा घालून रॉक हार्बरला जाते आणि वाटेतल्या काही धक्क्यांवर पदयात्रींना उतरवते किंवा उचलून घेते. तिच्यामुळे बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जाता येते. आल्या वाटेने परत फिरावे लागत नाही.

चालण्याची वाट निवडताना गाठ खडकाशी पडते. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा भूखंड येथे मधोमध फाटू लागला होता. त्या भेगेतून लाव्हाचे थरावर थर बाहेर आले. पुढे मधला भाग खचला, आणि थरांच्या दोन्ही कडा वर उचललेल्या राहिल्या. एक कड म्हणजे आइल रॉयल, दुसरी मिशिगनचे किविनॉ द्वीपकल्प. मधल्या खोलगट भागावर आज सुपीरियरचे पाणी आहे. कलत्या थरांतले कठीण खडक टिकले, मऊ खडक झिजले, आणि हिमयुगातल्या बर्फाने दऱ्या आणखी कोरल्या. त्यातून सारे बेट नैर्ऋत्य-ईशान्य दिशेने पन्हळी पत्र्यासारखे घडले: धार, दरी, पुन्हा धार, पुन्हा दरी. दऱ्यांमध्ये लांबट सरोवरे आणि दलदली, धारांवर उघडा खडक.

हे चित्र मनात पक्के असले की नकाशावरचे आकडे नीट वाचता येतात. धारेच्या दिशेने जाणारी वाट लांब असली तरी सोसते. धारा आडव्या ओलांडणारी वाट कागदावर आखूड दिसते, पण सतत चढ-उतार करायला लावून दमवते. बेटाचा कणा असलेली ग्रीनस्टोन धारेवरची वाट सुमारे 65 किलोमीटर लांब आहे. ती बेटावरील सर्वांत उंच ठिकाणावरून, 425 मीटर उंचीच्या माउंट डेसॉरवरून जाते. सह्याद्रीत फिरलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण येथे कस उंचीत नाही, रोज सगळे घर पाठीवर घेऊन चालण्यात आहे. उत्तरेकडची मिनाँग धार याहून खडतर: खडक उघडे, खुणा कमी, पाऊल जपून टाकावे लागते. बेटावर एकूण सुमारे 265 किलोमीटरच्या पायवाटा आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने रॉक हार्बरहून किनाऱ्याकिनाऱ्याने थ्री माइल आणि डेझी फार्म या मुक्कामांपर्यंत जावे, तेथून माउंट ओजिब्वेची चढण चढून धारेवर यावे आणि परत फिरावे. चार दिवसांत एवढे सुखाने होते, आणि बेटाचा पोत कळतो. पूर्ण ग्रीनस्टोन चालायची तर पाच-सहा दिवस, आणि त्यांच्या पुढेमागे एकेक दिवस मोकळा, असा हिशेब धरावा.

मुक्कामाच्या जागा 36 आहेत. सहा जणांपर्यंतच्या गटाला परवाना बेटावर उतरल्यावर मिळतो. सात ते दहा जणांना आधीच घ्यावा लागतो. तो देताना रेंजर प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिहून घेतात, पण त्यामुळे जागा राखीव होत नाही. जो आधी पोचेल त्याची जागा. काही ठिकाणी लाकडी निवारे आहेत: तीन बाजूंना भिंती, चौथीकडे डास अडवणारी जाळी. पावसाच्या दिवशी असा निवारा मिळाला की दिवसभराचा शीण उतरतो. पण तो मिळेलच असे मानून तंबू घरी ठेवू नये. मुक्काम भरलेला असेल तर आलेल्यांना आपल्या जागेत सामावून घेण्याची रीत आहे. दिवसभर माणूस न दिसलेल्या रानात संध्याकाळी अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी तंबू थोडे सरकवावेत, यात या बेटाचे एक मोठे सुख आहे. दररोज माणशी ठरावीक प्रवेशशुल्क असते. अमेरिकी उद्यानांचा वार्षिक पास असेल तर ते वेगळे भरावे लागत नाही.

ओझ्याचा विचार याच्याशी जोडलेला आहे. रॉक हार्बर आणि विंडिगो येथे छोटी दुकाने आहेत. मधल्या रानात काही मिळत नाही. म्हणून सगळ्या दिवसांचे अन्न पाठीवर, आणि एका जादा दिवसाचेही, कारण बोट एखाद्या वेळी येत नाही. शेकोटी थोड्याच मुक्कामांवर पेटवता येते. स्वयंपाक लहान स्टोव्हवरच करायचा. स्टोव्हचे इंधन विमानातून नेता येत नाही आणि बोटींचेही त्याबाबत आपापले नियम आहेत, तेव्हा ते बेटावर उतरल्यावर विकत घेणे सोपे पडते. पावसाचे कपडे, लोकरीचा किंवा तत्सम ऊबदार थर आणि कोरडे राहतील असे मोज्यांचे जोड हे भर ऑगस्टमध्येही लागतात. जूनमध्ये सरोवराचे पाणी 4-5 अंशांच्या आसपास असते. कयाक किंवा कनू घेऊन जाणाऱ्यासाठी हा आकडा जिवाचा आहे, कारण अशा पाण्यात पडलेल्याचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. मोबाइलवर विसंबता येत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे साधन बरोबर असावे, आणि ते असले तरी मदत पोचायला बराच वेळ लागेल हे गृहीत धरावे.

बेटावर अस्वल नाही, रॅकूनही नाही. एवढे पाणी ओलांडून ते आलेच नाहीत. कोल्हे मात्र आहेत, आणि ते धीट आहेत. तंबूबाहेर काढून ठेवलेला बूट रातोरात पळवतात. लाल खारी सॅक कुरतडतात. म्हणून अन्न आणि पादत्राणे दोन्ही आत. या प्राण्यांना खाऊ घालणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यांचे नुकसानही आहे. माणसाच्या हातचे खायला शिकलेला कोल्हा हळूहळू शिकार सोडतो, आणि शेवटी माणसाच्याच अंगावर येऊ लागतो.

पाण्याबाबतचा नियम वाचताना बेटाच्या सर्वांत खोल गोष्टीपर्यंत पोचता येते. पिण्याचे पाणी उकळावे, नाहीतर 0.4 मायक्रॉनच्या गाळणीतून काढावे, असे उद्यान सांगते. पाण्यात टाकायच्या औषधी गोळ्या एकट्या पुरत नाहीत. कारण एक पट्टकृमी आहे. त्याची वाढ लांडग्याच्या आतड्यात होते. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात आणि गवतावर येतात. मूस ती चरताना गिळतो. त्याच्या फुप्फुसांत गाठी होतात. अशा मूसची शिकार करून लांडगा तो कृमी पुन्हा पोटात घेतो. माणसाने न गाळलेले पाणी प्यायले तर त्या गाठी त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात होऊ शकतात. पाणी गाळणारा माणूस दोन मोठ्या प्राण्यांच्या जीवनचक्राच्या अगदी काठावर बसलेला असतो.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावर आला, बहुधा पोहत. लांडगे 1940 नंतरच्या दशकात, सरोवर गोठलेल्या एका हिवाळ्यात, कॅनडाच्या बाजूने बर्फावरून चालत आले. बंदिस्त बेट, एक मोठा भक्षक, एक मोठे भक्ष्य. हे पाहून 1958 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड अ‍ॅलन यांनी दोघांचा अभ्यास सुरू केला. पुढे रॉल्फ पीटरसन आणि मिशिगन टेक विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालू ठेवला. भक्षक आणि भक्ष्य यांच्या नात्याचा जगात एवढा दीर्घ अभ्यास दुसरा नाही. बेट बंद असते त्या हिवाळ्यात संशोधक लहान विमानातून प्राणी मोजतात आणि उन्हाळ्यात मेलेल्या मूसांची हाडे गोळा करतात. लहानपणी उपासमार झालेल्या मूसला पुढे संधिवात होण्याची शक्यता अधिक असते, हे या हाडांनी सांगितले. वाटेत शिंग किंवा कवटी दिसली तर ती उचलू नये, जागेची नोंद करून रेंजरांना कळवावी. तेथे तो पुरावा आहे.

उद्यानात कुत्रे नेण्यास बंदी आहे, आणि तिचे कारणही या अभ्यासात सापडते. 1980 मध्ये बेटावर 50 लांडगे होते, 1982 मध्ये 14 उरले. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूने ही हानी केली. तो कोणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर आला असावा असे मानले जाते. कळप पुन्हा पूर्वीसारखे फुलले नाहीत. हिवाळे ऊबदार होत गेले तसे बर्फाचे पूल दुर्मिळ झाले. 1997 मध्ये कॅनडाहून एक नर बर्फावरून आला, त्याच्या नव्या रक्ताने काही वर्षे उभारी दिली, पण पुढे त्याचेच वंशज आपापसात जुळत गेले. 2016 पर्यंत दोनच लांडगे राहिले, बाप आणि लेक. मूसांची संख्या दोन हजारांपर्यंत चढली आणि बाल्सम फरची कोवळी झाडे खाल्ली जाऊ लागली. निसर्गात हात घालायचा की नाही यावर दीर्घ वाद झाला. अखेर 2018 आणि 2019 मध्ये मिनेसोटा, मिशिगन आणि ऑन्टारियो येथून 19 लांडगे आणून सोडण्यात आले. 2024 च्या मोजणीत लांडगे 30 आणि मूस सुमारे 840 होते. पाहुण्याला लांडगा क्वचितच दिसतो. ओल्या मातीत पंजाचा ठसा किंवा रात्री दुरून आलेली हाळी, एवढे लाभले तरी ते मोठे भाग्य. मूस मात्र वाटेवर समोर येऊ शकतो. तो दिसताच थांबावे, अंतर ठेवावे, आणि पिल्लू बरोबर असेल तर झाडाआड होऊन मागे फिरावे.

बेट रान असले तरी ते माणसाशिवाय कधीच नव्हते. येथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मिनाँग म्हणतात. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून, त्यांच्या पूर्वजांच्या काळापासून, येथे शुद्ध तांबे दगडी हातोड्यांनी खडकातून काढले जात होते. मॅकार्गो कोव्हजवळ ते खड्डे आजही दिसतात. 1842 च्या करारानुसार अमेरिकेने बेटावर हक्क सांगितला. ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वेंना त्यात आपले बेट गेल्याची कल्पना नव्हती. त्यांच्याशी 1844 मध्ये वेगळा समझोता करावा लागला. त्यानंतर तीन खेपांना खाणी उघडल्या आणि बंद पडल्या. स्कँडिनेव्हियातून आलेल्या कोळी कुटुंबांनी खाडीखाडीत घरे बांधली. उद्यान झाले तेव्हा बहुतेकांना जागा सोडाव्या लागल्या. काहींना हयातीपुरते राहू दिले. रॉक हार्बरच्या समोरच्या बाजूला जपलेली एडिसेन यांची मासेमारीची घरे पाहण्यासाठी योजनेत अर्धा दिवस ठेवावा. रिकाम्या दिसणाऱ्या रानाची किंमत कोणी कोणी मोजली, हे तेथे कळते.

विंडिगोकडे येणाऱ्या बोटीतून अशी आणखी एक खूण पाण्यातच दिसते. 'अमेरिका' हे जहाज या कोळी कुटुंबांना टपाल आणि किराणा पोचवीत असे. 7 जून 1928 रोजी ते वॉशिंग्टन हार्बरच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडाले. माणसे सगळी वाचली. त्याचा पुढचा भाग पृष्ठभागापासून इतका जवळ आहे की शांत पाण्यात काठावरून वाकल्यावर तो हिरवट उजेडात स्पष्ट दिसतो. बेटाभोवती अशी दहा मोठी जहाजे बुडालेली आहेत. त्यांच्यापाशी बुडी मारण्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि थंड पाण्यातल्या बुडीचा सराव असावा लागतो. सांगाड्यांमधून काही उचलणे निषिद्ध आहे.

शेवटी निघण्याची तयारी, आणि तिची सुरुवात जाण्याआधीच होते. बोटीवर चढण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून स्वच्छ करावे लागतात, कारण मुख्य भूमीवरच्या तणाचे बी मातीबरोबर बेटावर जाऊ शकते. परतताना सगळा कचरा सॅकमधून परत आणायचा असतो, फळांच्या सालींसकट. शेवटचा मुक्काम धक्क्याजवळ असावा, म्हणजे बोटीच्या दिवशी घाई होत नाही. पुढचे विमान किंवा गाडी त्याच दिवसाची धरू नये. लाटा उंच असल्या तर बोट थांबते, आणि ती थांबवणारा कप्तान आपले काम नीट करत असतो. नियोजनात ठेवलेला तो मोकळा दिवस वाया जात नाही. वारा पडला आणि बोट वेळेवर आली तर मुख्य भूमीवर विश्रांती मिळते. नाही आली तर बेटावर आणखी एक दिवस राहायला मिळते. दोन्हीची तयारी असलेल्या माणसाने या बेटाच्या सगळ्या अटी मान्य केल्या असे म्हणता येते.